बेसा ते मुक्तागिरी : उन्हाळी यात्रेचा आराखडा

नागपूरच्या दक्षिण वेशीवरील बेसा आता निव्वळ गाव राहिलेले नाही आणि पुरते शहरही झालेले नाही. प्रवासाला निघणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे ठिकाण सोयीचे आहे. वर्धा मार्ग जवळ, आणि समृद्धी महामार्ग जेथून सुरू होतो ते शिवमडकाही फार दूर नाही. शहराची गर्दी न ओलांडता येथून पश्चिमेकडे निघता येते.

यंदाच्या सुटीत आमच्या घरातील सात जणांनी कारंजा (लाड) आणि मुक्तागिरी ही दोन क्षेत्रे करावीत, असा विचार आहे. सोबत स्नेह्यांकडून मिळणारा लहानसा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे घर, न्यायचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात अशा ट्रेलरचाही समावेश आहे. तरीही आपल्या भागात तो अद्याप नवलाचाच विषय आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळून उकळलेले पाणी आणि कंदमूळविरहित स्वयंपाक पाळणाऱ्या कुटुंबाला, ज्यात ऐंशीच्या घरातील आजी आहेत, स्वतःची चूल सोबत असण्याचे मोल निराळे सांगायला नको.

परदेशात ही पद्धत रुळलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील ओसाड प्रदेशात असे ट्रेलर घेऊन हजारो कुटुंबे हिंडतात. मात्र ती शक्यतो तेथील हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबरच्या सुमारास निघतात. डिसेंबर ते फेब्रुवारीचा उन्हाळा टाळतात. आपली अडचण अशी की, मुलांची सुटी आणि विदर्भातील उन्हाचा कहर एकाच वेळी येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे आपल्याला नवे नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि नवतपा सुरू होतो. ते नऊ दिवस आम्ही प्रथमच वगळले. यात्रा त्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्यात होईल. त्या वेळी जमले नाही, तर जूनमध्ये एखाददोन पाऊस पडून गेल्यावर. कारण विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीशा उशिरा उघडतात.

आराखडा किलोमीटरवर न मांडता सूर्यावर मांडला आहे. मे महिन्यात नागपूरला साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय आणि पावणेसातच्या आसपास सूर्यास्त होतो. प्रवास उजाडल्यापासून दहापर्यंत. दहा ते पाच मुक्काम, तोही पक्क्या छपराखाली; कारण उन्हात उभा असलेला ट्रेलर भट्टीसारखा तापतो. सायंकाळचे भोजन सहापर्यंत आटोपायचे. त्यानंतर गाडी हलवायची नाही. ट्रेलर हे आमचे स्वयंपाकघर आणि कोठार. दुपारची विश्रांती धर्मशाळेत. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसणार नाही, हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवला आहे.

ओझ्याचा विचार आपल्या जुन्या बंडीवाल्यांना अधिक चांगला कळत असे. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते, धुरा वर उचलली जाते. पुढे जास्त झाला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा जोडणीवर यावा, जड सामान आसाच्या आसपास व खाली ठेवावे. मागचा भाग जड झाला, तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि मोटारीलाही ओढून नेतो.

सर्वांत जड सामान म्हणजे पाणी. पिण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तरी सात जणांना दिवसाला पस्तीस लिटर, म्हणजे पस्तीस किलो. स्वयंपाक व धुणे-पुसणे निराळे. तीन दिवसांचे पाणी एकदम नेण्याऐवजी प्रत्येक मुक्कामी भरावे, तेथेच गाळावे, उकळावे, असे ठरले आहे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पाळणाऱ्यांना ही सवय आहेच. दहा लिटरचा एक राखीव डबा मात्र मोटारीतच राहील. गाडी वाटेत बंद पडली, तर सावली शोधत पायी न जाता गाडीजवळच थांबावे, हा ऑस्ट्रेलियातील नियम आपल्या माळरानावरही तितकाच खरा आहे.

टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. समृद्धीचा काँक्रीटचा पृष्ठभाग दुपारी तापतो, आणि जुना किंवा कमी हवेचा टायर तेथे दगा देऊ शकतो. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असली, तरी ट्रेलर मागे असताना आम्ही सत्तरची मर्यादा घालून घेतली आहे, कारण मागे ओझे असले की थांबायला अधिक अंतर लागते. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आणि विमा यांची कागदपत्रेही सोबत हवीत. मुक्तागिरी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात येते. वाहन भाड्याचे असल्यास परराज्याचा परवाना आधी विचारून घ्यावा.

पहिला मुक्काम कारंजा. भट्टारकांची परंपरा, प्राचीन हस्तलिखिते आणि १९१८ साली स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम यांमुळे हे गाव विद्येचे क्षेत्र आहे. येथील भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांना डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी उजेडात आणले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रकाशित झाले. मुलांनी हे गाव दुपारच्या सक्तीच्या मुक्कामात निवांत पाहावे, अशी इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी अमरावतीमार्गे परतवाडा. ट्रेलर तेथेच सावलीत ठेवून तिसऱ्या दिवशी पहाटे फक्त मोटारीने मुक्तागिरीच्या पायथ्याशी जायचे. साडेतीन कोटी मुनींची निर्वाणभूमी म्हणून पूजनीय असलेल्या या डोंगरावर ५२ मंदिरे आहेत. पायऱ्या अनवाणी चढायच्या, आणि दगड तापण्यापूर्वी उतरायचे. आजी कुठवर चढतील, हे त्या दिवशी त्यांचा श्वासच ठरवील. पायथ्यावरून वंदना झाली तरी यात्रा उणी ठरत नाही, हे त्यांनी स्वतःच आम्हाला बजावले आहे.

एक गोष्ट चालकाने सर्वांत आधी लक्षात ठेवावी. उन्हामुळे आपण ज्या वेळी निघतो, त्याच वेळी साधू-साध्वींचा विहारही चालू असतो. समृद्धीवर पादचाऱ्यांना मनाई आहे. पण कारंजा–अमरावती, अमरावती–परतवाडा या रस्त्यांच्या कडेने अनवाणी चालणारे संघ भेटू शकतात. देशभरात विहारातील अपघातांत कितीतरी त्यागी आपण गमावले आहेत. ट्रेलर अनेकदा मोटारीपेक्षा रुंद असतो आणि वळणावर आतल्या बाजूला सरकतो. चालकाला मोटार सुटली असे वाटते, तेव्हा ट्रेलर अजून मागेच असतो. म्हणून दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे, ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्ट्या, आणि संघ दिसताच वेग पायी चालणाऱ्याइतका. पुढे जायला रुंद जागा नसेल तर मागेच थांबावे. दहाच्या आत मुक्कामी पोहोचायचे ठरवले आहे खरे. पण त्या दिवशी अकरा वाजले तरी चालतील.