चेहरा न दाखवता

‘चेहरा दाखवू नका, आवाज देऊ नका, एआयकडून व्हिडिओ करून घ्या आणि महिन्याला लाखभर कमवा’ अशा जाहिराती तुमच्याही मोबाइलवर येत असतील. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या मावसभावाने अशाच एका कोर्ससाठी वडिलांकडे बारा हजार रुपये मागितले. माझे काका दांडिया बाजारात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. त्यांनी पैसे देण्याआधी मला फोन केला, कारण गेली दोन वर्षं असं बिनचेहऱ्याचं चॅनल मी चालवतो, हे घरात माहीत आहे. जुन्या बडोद्याच्या गोष्टी मी मराठीत सांगतो. काकांना आणि त्या पोराला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

आधी पैशांचं. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के आपले. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. मला त्या उंबरठ्यावर पोचायला अकरा महिने लागले. आता सरासरी महिन्याला सहा हजार येतात. आवाज आणि चित्रांच्या साधनांचं भाडं दीड हजार. महिन्याला चार व्हिडिओ, प्रत्येकाला साधारण आठ तास. म्हणजे ताशी एकशे चाळीस रुपये. चॅनल फायद्यात आहे, हे खरं. पण त्यावर घर चालणार नाही.

आठ तास जातात कुठे? कारण मजकूर तर एआय दोन मिनिटांत लिहून देतं. तो वाचायलाही छान असतो, आणि तिथेच खरं काम सुरू होतं. सयाजीराव महाराजांवरच्या व्हिडिओसाठी मी पहिला मसुदा मागवला, तेव्हा त्यात महाराजांचा जन्म बडोद्याच्या राजवाड्यात झाला होता आणि ते खंडेराव महाराजांचे पुत्र होते. आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं की मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतला. सक्तीच्या मोफत शिक्षणाचं सालही गोलमाल होतं. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू झाला. मसुद्यात दोन्ही एकच करून टाकलं होतं. म्हणून मी एआयला लिहायला सांगण्याआधी स्वतः वाचतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. ते १९५९ साली वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांचं लेखन आता कुणालाही वापरता येतं. ज्यांना विषय सुचत नाही, त्यांनी अशा हक्कमुक्त पुस्तकांकडे जरूर पाहावं.

चित्रांचंही तसंच. ‘मराठा सरदाराचा वाडा’ म्हटलं की राजस्थानी हवेली येते, नऊवारीतल्या बाईच्या अंगावर सहावारी येते, आणि लक्ष्मीविलास पॅलेसवर कुठलेही घुमट चढतात. आता मी जुने फोटो वापरतो. जे मिळत नाही, तिथे उघड दिसेल असं रेखाचित्र करून घेतो. खरं वाटेल असं दृश्य कृत्रिम असेल तर ते तसं जाहीर करण्याचा यूट्यूबचा नियम २०२४ पासून आहेच.

आणि आवाज. पहिला नमुना मी आत्याला ऐकवला. तिने दुसऱ्या वाक्याला हात वर केला. “अरे, हा ‘बाल’ काय म्हणतोय, ‘बाळ’ म्हणायचंय ना? आणि ‘चहा’तला च असा?” यंत्राचा ळ हिंदीकडे झुकतो, चहातला च आणि चंद्रातला च त्याला वेगळे कळत नाहीत. आपल्यासारख्यांना हे जरा जास्त लागतं. पुण्याला गेलं की कुणीतरी म्हणतंच, “तुमच्या मराठीत गुजराती येतं हं.” चार पिढ्या इथे राहून भाषा सांभाळायची आणि तिच्या नावाने असा आवाज नातवंडांच्या कानी घालायचा, हे मला पटेना. आता अडणारे शब्द मी लिहिताना बदलतो, आणि तरीही जमलं नाही तर तेवढं वाक्य आत्या बोलते. तिचंही नाव कुठे येत नाही. तिला तेच आवडतं.

‘अनामिक’ या शब्दाबद्दलही थोडं. प्रेक्षकांना माझं नाव कळत नाही, एवढंच. पैसे मिळायचे तर खरं नाव, पत्ता आणि बँक खातं द्यावं लागतं, अमेरिकन करासंबंधीचा फॉर्म भरावा लागतो, आणि पत्त्याच्या खात्रीसाठी पिन नंबर चक्क टपालाने येतो. मिळकत आयकर विवरणपत्रात दाखवायची. नोकरीच्या करारात जोडधंद्याचं कलम असतं. सुरू करण्याआधी मी ऑफिसातून लेखी परवानगी घेतली. लपण्यासाठी चॅनल काढणाऱ्याची इथेच निराशा होईल.

मावसभावाचा बेत वेगळा होता. रोज दहा व्हिडिओ, सगळे एका साच्यातले, विषय ट्रेंडिंग असेल तो. मी त्याला जुलै २०२५ चा बदल दाखवला. एका साच्यातून भराभर काढलेला, पुन्हा पुन्हा तोच मजकूर यूट्यूबने ‘अस्सल नसलेला’ या नावाखाली आणला, आणि अशा चॅनलना जाहिरातींचे पैसे मिळत नाहीत. एआय वापरायला बंदी नाही. पण जे यंत्र तुझ्याकडे आहे ते सगळ्यांकडे आहे. मग तुझ्याकडचं वेगळं काय, एवढाच प्रश्न उरतो. तो म्हणाला, “दादा, माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?”

मला दादासाहेब फाळके आठवले. ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि रोप वाढतानाची मिनिटभराची फिल्म लोकांना दाखवून पैसे उभे केले. त्या फिल्ममध्येही कुणाचा चेहरा नव्हता. समोर जे होतं ते त्यांनी नीट पाहिलं होतं.

“तुझे बाबा तीस वर्षं काय करतात?” मी विचारलं.

बारा हजार काकांकडेच राहिले. त्यातल्या नऊशेंत मोबाइलचा स्टँड आला. आता दर रविवारी दुकानात काकांचे हात दिसतात: जळालेली मोटर उघडायची कशी, तारेचा गेज कसा ओळखायचा, वेढे मोजताना चुकू नये म्हणून काय करायचं. काका गुजराती-मराठी मिसळून बोलतात, एआय त्याची गुजराती, मराठी आणि हिंदी अक्षरं खाली टाकतं, पोरगा एकेक शब्द तपासतो. ‘वेढे’चं ‘वेडे’ झालेलं त्याने परवाच पकडलं. चौदा व्हिडिओ झालेत, सबस्क्रायबर दोनशे सहा. पैसा अजून एकही नाही. पण भुसावळहून कुणीतरी विचारलंय की पाण्यातल्या पंपाचं वाइंडिंग कधी दाखवणार, आणि काकांनी त्यासाठी एक जुना पंप बाजूला काढून ठेवलाय.