लोण चढल्यावर

गेवराईला शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना मला लोणाची घटका फार आवडायची, मग तो आमच्यावर चढला तरी. शेवटचा गडी पकडीत सापडायचा, समोरच्यांच्या खात्यात दोन गुण जादा जायचे, आणि रेषेबाहेर बसलेले आमचे सातही जण धूळ झटकत आत यायचे. सगळे मेले म्हणून सगळे जिवंत. फलकावरचे गुण मात्र कुणी पुसायचं नाही. पुढे क्रीडाशिक्षकांनी जुन्या गामिनी पद्धतीबद्दल सांगितलं. संजीवनीत समोरचा एक मारला की आपला एक परत येतो. आजची कबड्डी त्याच वळणाची. गामिनीत बाद झालेल्याला अशी सुटका नसे. संघातला शेवटचा गडी पडेपर्यंत बाहेर बसायचं, मग सगळ्यांनी मिळून आत यायचं. या नियमाने मला तेव्हा पकडलं ते आजवर सोडलेलं नाही.

आमच्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. साडेतीन शनिपीठांपैकी एक म्हणून लोक तिथे शनीच्या दर्शनाला येतात. वडील दर्शन झालं की नदीकडे तोंड करून लढाई सांगायचे. सुरुवात मात्र पानिपतापासून. १४ जानेवारी १७६१ला भाऊसाहेब गेले, विश्वासराव गेले, पाठोपाठ जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी गेले. जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबांनी प्राण सोडला. पेशवाईची वस्त्रं आली सोळा वर्षांच्या माधवरावांकडे. निजामाला ही संधी वाटली, त्याच्या फौजेने पुण्यात शिरून जाळपोळ केली. आणि १० ऑगस्ट १७६३ला इथे, भर पावसाळ्यात, निजामअली निम्मी फौज घेऊन गोदावरी उतरून गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला. मराठे नेमके तेव्हा तुटून पडले. माधवरावांचे काका राघोबादादा वेढ्यात सापडले, माधवरावांनी तो वेढा फोडला, विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला पाहण्यापलीकडे काही करता आलं नाही. नदीला पूर होता.

वडील माधवरावांचं वय दोनदा सांगायचे. अठरा.

इथे कबड्डीहून वेगळं होतं. गेलेले परत आले नव्हते, त्यांच्या जागी दुसरे उभे राहिले होते. पण फलक तोच होता. पानिपताचं कर्ज, रिकामी झालेली घरं, काका-पुतण्यातला बेबनाव, सगळं घेऊन ते नदीवर आले होते.

पुण्यात शिकायला गेलो तेव्हा खोलीवरच्या मित्रांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकवला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला हा खेळ. पट लागतोच असं नाही. एक जण जग सांगतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन वावरतात, आणि जिथे निकाल हवा तिथे फासा पडतो. आम्ही खेळायचो त्या आवृत्तीत जीव शून्यावर आला की पात्र लगेच मरत नाही. दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर तग धरली, खाली आलं तर एक पाऊल मरणाकडे. ज्या बाजूचे तीन आधी भरतील तो निकाल. मेलेल्याला उठवण्याचे मंत्रही आहेत. त्यातल्या सोप्या मंत्राला तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे लागतात आणि मिनिटाच्या आत तो म्हणावा लागतो. पण म्हणायला कुणीतरी जिवंत हवं ना! आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणाऱ्या गोष्टीत, वर्षभर वाढवलेली पात्रं एका रात्री, पुराच्या नदीवरच्या पुलाशी, एका राक्षसापुढे एकामागून एक पडली. मंत्र जाणणारी वैद्यीण सगळ्यात आधी.

जग सांगणारा मी होतो. एक मित्र म्हणाला, लढाई पुन्हा खेळू. दुसरा म्हणाला, हे सोड, नवीन गोष्ट सुरू कर. तिसरा नुसता आपल्या पात्राचा कागद घडी घालत बसला होता. मला दोन्ही मान्य नव्हतं. लढाई पुसली तर त्या पात्रांचं मरण खोटं पडलं असतं, आणि नवीन गोष्टीत त्यांना कुणी ओळखलंच नसतं.

पुढच्या बैठकीला मी खेळ त्याच नदीवर ठेवला, पहाटे. मेलेल्या पात्रांना वाटेत कधीतरी भेटलेली माणसं मित्रांपुढे मांडली: नावाडी, लोहाराच्या हाताखालचा पोरगा, धर्मशाळेत भाकरी देणारी बाई. ज्याला जे हवं ते घ्या. अंगात बळ कमी, हत्यारं साधी. पण पुलावरच्या राक्षसाचा जीव मी भरून दिला नाही. मेलेल्यांनी जेवढा उतरवला होता तेवढा उतरलेलाच ठेवला. या एका गोष्टीवर मी अजूनही ठाम आहे. शत्रू पहिल्यासारखा धडधाकट उभा केला की आधीचे सगळे वार फुकट जातात, आणि टेबलाभोवतीच्या माणसांना ते ताबडतोब कळतं. नावाड्याने राक्षसाच्या मांडीतला तुटका भाला ओळखला तेव्हा घडी घालणारा मित्र खुर्चीत पुढे सरकला. भाला त्याच्या पात्राचा होता.

आता दिवाळीच्या सुट्टीत गेवराईच्या घरी भाचरं जमतात आणि खेळ मराठीत चालतो. गेल्या खेपेला त्यांचीही अख्खी टोळी एका गुहेत मेली. भाचीने आपल्या पात्रासाठी रडून घेतलं आणि विचारलं, "मामा, मी तिची मुलगी होऊन येऊ?"

"ये की. पण आई घरी सांगून गेली असेल तेवढंच तुला माहीत."

"मग तिने गुहेची मागची वाट सांगितली होती का?"

"फासा टाक."