विष्णुपुरीचे पाहुणे

गतवर्षी जानेवारीतील एका शनिवारी नववीच्या मुलांस घेऊन आम्ही विष्णुपुरीस गेलो होतो. नांदेडजवळ गोदावरी अडवून जो विस्तीर्ण जलाशय झाला आहे, त्याच्या काठी हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. चक्रवाकाचा विरह आम्ही वीस वर्षे वर्गात समजावून देत आलो. परंतु प्रत्यक्ष चक्रवाक कधी पाहिला नव्हता, हे कबूल करताना संकोच वाटतो.

काळेश्वराच्या देवळापासून बरेच पुढे, एका शेतात धनगरांची पाले दिसली. शेताला लेंडीखत मिळावे म्हणून शेतकरी त्यांची मेंढरे बसवून घेतात. त्या पालांतून एक मुलगा धावत आला, तो आमच्याच वर्गातला! दिवाळी झाली की तो दरवर्षी नाहीसा होतो. हजेरीपटावर त्याची गैरहजेरी मांडून कंटाळलेले आम्ही एकदा सर्वांदेखत त्यास म्हणालो होतो, "तू शाळेत पाहुणाच आहेस."

दुर्बीण आमच्या गळ्यात होती, तरी पक्षी त्यानेच दाखविले. केशरी-तांबूस अंग, फिकट डोके, उडताना पंखांवर पांढरा पट्टा. चक्रवाकांची जोडपी रात्री दुरावतात, ही कविकल्पना आम्ही मुलांस सांगताच तो हसला. "नाही गुरुजी, राती बी संगंच असतेत. आमी पालातून ऐकतो की!"

मग आम्ही आमच्या विद्येकडे वळलो. हे पक्षी उन्हाळ्यात तिबेट व लडाखच्या पठारावर घरटी करतात. तेथील त्सो मोरीरी सरोवर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. आपले नांदेड जेमतेम ३६०. हिमालय ओलांडताना चक्रवाक ६,८०० मीटरपर्यंत चढल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. भिक्षूंच्या वस्त्रांसारखा रंग म्हणून बौद्ध लोक त्यास पवित्र मानतात. त्याच सरोवरांकाठी चांगपा नावाचे मेंढपाळ याकच्या केसांचे काळे तंबू ठोकून राहतात, आणि चारा संपला की तळ हलवितात. ज्या पश्मिन्याच्या शालींचे एवढे कौतुक, ती लोकर त्यांच्याच बकऱ्यांची.

"तिथं बी मेंढरं असतेत?" त्याचे डोळे चमकले. "मंग त्यांची पोरं शाळंत कवा जातेत?"

पुगा या ठिकाणी अशा मुलांकरिता निवासी शाळा आहे, असे आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले. आश्रमशाळा आपल्याकडेही आहेतच.

"मंग मेंढरामागं कोण जातंय, गुरुजी?"

यास उत्तर आमच्यापाशी नव्हते. इतका वेळ पाण्याकडे पाहणारी मुलेही आता आमच्याकडे पाहू लागली. मुलाच्या वडिलांनी बकरीच्या दुधाचा चहा पुढे केला आणि म्हणाले, "आजून पंधरा दिस हितंच हाव, मंग कंधाराकडं." आमचा तो जुना शब्द आम्ही सर्वांदेखतच मागे घेतला. मुलगा लाजून मेंढरांकडे पाहू लागला.

भूगोलाचे पुस्तक त्यास दिले. पुढील दोन शनिवार आम्ही एकटेच विष्णुपुरीस गेलो व पालाबाहेर घोंगडीवर बसून मागे राहिलेले धडे त्याच्याकडून करवून घेतले. गणितात तो वर्गातील पुष्कळांहून हुशार निघाला. तिसऱ्या शनिवारी शेत मोकळे होते. चक्रवाक मात्र अजून पाण्यावर होते.