आबांच्या बंदुकीचा दस्ता

मंडळी, आज खत-फवारणीचं काही नाही. मे महिन्यात आमच्या ठासणीच्या बंदुकीचा दस्ता नीट केला, त्याची ही नोंद.

शेतीसंरक्षणाचा परवाना आबांच्या नावावर होता. त्यांचं वय झालं म्हणून तो माझ्याकडे आला, पण बंदूक राहिली आबांच्याच मापाची. ते सहा फुटी, मी साडेपाचलापण कमी. गेल्या वर्षी भात भरत असताना रात्री डुकरं आली. आम्ही छर्रे घालत नाही, नुसती दारू आणि चिंधीचा बोळा. आवाजानेच कळप पळतो. बंदूक उचलली तर दस्त्याची टाच रेनकोटात काखेपाशी अडकली आणि बार आडवा गेला. पलीकडच्या बांधावर चुलतभाऊ बसलेला. जळता बोळा त्याच्यापासून दोन हातांवर पडला. तो काही बोलला नाही. पुढे हंगामभर मी डबेच वाजवले.

काम काढलं तेव्हा आबांनी एकच विचारलं, "गज घालून बघलंस काय?" गज नळीत सोडायचा, तोंडापाशी बोटाने खूण धरायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावायचा. टोक केप बसते तिथवर पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे राहिलं तर आत बार आहे, मग कोणी काहीही सांगो.

माप असं घेतलं: कोपर काटकोनात वाकवून टाच कोपराच्या आत टेकवली. बोट चापापर्यंत जेमतेम जात होतं. नळी आणि घोडा परवानाधारक मिस्त्रीने काढून स्वतःकडेच ठेवला, मी फक्त लाकूड घरी आणलं. टाचेकडून इंचभर कापलं.

जुनं व्हार्निश फुटक्या काचेच्या धारेने खरवडलं. पॉलिश पेपर नुसत्या हाताने घासला तर घोड्याची पट्टी बसते तिथल्या कडा गोल होतात, फट पडते. म्हणून पेपर ठोकळ्यावर गुंडाळला आणि त्या कडा सोडल्या. चेपलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, शिसवीचे दबलेले तंतू बरेचसे वर आले. चिरेला मात्र वाफेचा उपयोग नाही.

डाव्या बाजूला आबांच्या गालाने घासून गुळगुळीत झालेला खळगा होता. तेवढा मी राखला होता. आबा बघून म्हणाले, "ह्यां कित्याक ठेवलंस? तुझो गाल थंय पोचता काय?"

पोचत नव्हता. घासला.

मग बेलतेलाचे सहा हात, प्रत्येक पातळ, पुसून, मध्ये एक दिवस. कापलेल्या तोंडाला जास्त, कारण पावसाळी ओल तिथूनच शिरते. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.

जोडून आणल्यावर रेनकोट घालून रिकामी बंदूक दहा-बारा वेळा खांद्याला लावली. अडकत नाही. चुलतभाऊ बघायला आला. त्याने आधी गज मागितला.