आगीचा शेजार

आमच्या घरात गेल्या वर्षापासून एक कासव नांदते आहे. ते पाणी पीत नाही, पाला खात नाही आणि कुणाच्या पायांतही येत नाही. कारण त्याचा मुक्काम खेळाच्या यंत्राच्या पडद्यावर असतो. त्याचे नाव टॉरकोल. कवचाच्या आत त्याने कोळशाची भट्टी पेटवून ठेवलेली असते आणि ते सदा नाकातून धूर सोडीत असते. माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला, त्याच्या ट्रंकेबरोबर हे कासवही आले. आता रात्री त्याला जेवायला वाढताना आमची मंडळी विचारतात, "कासवाचं काय झालं आज?" घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या दम्याची चौकशी करावी, तशी ती चौकशी मला अलीकडे वाटू लागली आहे.

ज्यांच्या घरी दहा ते तीस वयाचे कुणी आहे, त्यांना पोकेमॉन म्हणजे काय हे सांगायला नको. उरलेल्यांसाठी एवढेच सांगतो, की १९९६ साली जपानात हा खेळ निघाला. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे. कुणी पाण्याचा, कुणी गवताचा, कुणी आगीचा. आग गवताला, बर्फाला, किड्याला आणि पोलादाला भारी. पाण्यापुढे आणि दगडापुढे तिचे चालत नाही. प्रथम ही झुंज एकास एक अशी असे, आणि एकास एक झुंज म्हटली की ती थोडी कोंबड्यांच्या वळणावर जातेच. २००२ साली 'रूबी' आणि 'सफायर' या खेळांत दोनास दोन अशी झुंज आली. माझ्या मते खेळाला खरी अक्कल तिथे लागली. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धाही २००९ पासून अशा दुहेरी झुंजीवरच खेळल्या जात आल्या आहेत. सहा प्राणी घेऊन जायचे, त्यांतले चार निवडायचे, आणि दोन-दोन मैदानात उतरवायचे. दोन्ही बाजूंनी आपापल्या दोघांना मनातल्या मनात हुकूम द्यायचे. मग पडदा उघडतो आणि कुणी काय योजले होते ते एकदम कळते. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला याहून निराळे काय हवे असते?

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आग आवडावी, हे वयाला धरूनच आहे. भाच्याचा पहिला लाडका चारिझार्ड. पंख असलेला, शेपटीवर ज्योत मिरवणारा, एखाद्या नाटककंपनीतल्या नायकासारखा. एकास एक झुंजीत 'फ्लेमथ्रोअर' नावाचा त्याचा आगीचा लोट ९० जोराचा असतो, तो समोरच्या एकाला लागतो, आणि विषय संपतो. दुहेरीत मात्र समोर दोघे उभे. तिथे 'हीट वेव्ह' कामाची. झळ दोघांनाही लागते. जोर ९५, पण दोघांत वाटली गेल्यामुळे प्रत्येकाला पाऊणच पोचते. एकाच दिवशी दोन घरची आमंत्रणे घेणारा गृहस्थ दोन्हीकडे पाऊणपोट जेवतो, तसलाच हा हिशेब. शिवाय दहांतून एकदा ती चुकते, आणि भाच्याच्या मते ते एकदा नेमके त्याच्याच वाट्याला येते.

टॉरकोलची आग निराळ्या जातीची. तिचे नाव 'इरप्शन', म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक. तिचा पूर्ण जोर १५०, आणि तीही समोरच्या दोघांवर जाते. पण हा जोर कायमचा नव्हे. अंगात जेवढा जीव शिल्लक, तेवढ्याच प्रमाणात तो राहतो. जीव पुरा असेल तर १५०, निम्मा उरला असेल तर ७५, आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या कासवाची आग उदबत्तीला लाजवील इतकी. सिनेमातला नायक मार खाऊन खाऊन शेवटी चवताळतो आणि वीस माणसांना लोळवतो. इथला नियम त्याच्या अगदी उलट आहे, आणि खरे सांगायचे तर मला तोच पटतो. पोळलेला, खचलेला माणूस फार जोरात पेटतो असा माझा अनुभव नाही.

म्हणजे कासवाला घाव बसण्याच्या आधी त्याची पाळी आली पाहिजे. आणि गंमत अशी, की वेगाच्या हिशेबात चारिझार्डचा मूळ आकडा १००, तर टॉरकोलचा २०. ज्या आगीने सगळ्यांच्या आधी पेटायला हवे, ती सगळ्यांच्या मागून चालणाऱ्याच्या पोटात ठेवली आहे. हा पेच ज्याने घातला त्या जपानी गृहस्थाला गोष्ट सांगता येत असली पाहिजे.

पेच सुटतो तो शेजाऱ्यामुळे. एक वाट 'ट्रिक रूम'ची. शेजारी उभ्या असलेल्याने आपली पाळी खर्चून ही जादू मांडली, की पाच फेऱ्यांपुरते जग उलटे होते. मंद असेल तो पहिला, चपळ असेल तो शेवटचा. पण भाच्याला आवडली ती दुसरी वाट. तिचे नाव लिलिगंट. डोक्यावर फूल माळलेली, हिरव्या घोळदार पोषाखातली एक नाजूक बाई.

आता क्रम पाहा. २०१६ च्या 'सन' आणि 'मून' या खेळांपासून टॉरकोलच्या अंगी एक गुण आला: ते मैदानात पाऊल ठेवते आणि कडक ऊन पडते. उन्हात आगीचा जोर दीडपट होतो आणि पाण्याचा निम्मा. लिलिगंट वनस्पतीच्या कुळातली. उन्हात तिचा वेग दुप्पट होतो. त्या दुप्पट वेगाने ती सगळ्यांच्या आधी पुढे येते आणि करते काय? काहीच नाही. ती कासवाकडे वळून म्हणते, "आधी तुम्ही." या चालीचे इंग्रजी नाव 'आफ्टर यू', जपानी नाव 'ओसाकी नि दोझो', आणि दोन्हींचा अर्थ हाच. लखनौच्या नबाबांची गाडी 'पहले आप, पहले आप' करता करता चुकली असे सांगतात; इथे त्याच अदबीने गाडी सापडते. लिलिगंटने मान लववताच सगळ्यांत मंद प्राण्याची पाळी तिच्या पाठोपाठ येते, आणि अंगावर ओरखडा नसलेले कासव उन्हात पूर्ण ताकदीने फुटते. समोरचे दोघे कितीही चपळ असोत, त्यांचे हुकूम तोंडातल्या तोंडात राहतात.

त्या मंदपणाचाही एक उपयोग मला भाच्याने दाखवला. समोरून पेलिपर नावाचा पाणपक्षी उतरला तर तो येताना पाऊस घेऊन येतो, आणि पावसात आग निम्मी होते. दोघे एकदम उतरले तर हवामान कुणाचे? जो मंद त्याचे. कारण चपळाचा पाऊस आधी पडतो आणि मागून येणाऱ्याचे ऊन त्याच्यावर पडून तेच टिकते. पेलिपरचा आकडा ६५. आमचे कासव निवांत येते आणि ऊन पाडून मोकळे होते.

शेजाऱ्याचे हे माहात्म्य सगळ्या जगाला एकदा डोळ्यांनी दिसले. २०१४ साली वॉशिंग्टनला झालेली जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियाच्या पार्क से-जुन याने जिंकली, तेव्हा त्याच्या सहा प्राण्यांत पाचिरिसू नावाची एक चिमुकली खार होती. बड्या स्पर्धेत तिला कुणी जवळ करीत नसे. ती 'फॉलो मी' म्हणून सगळे वार स्वतःवर ओढून घेई, आणि तिच्या आडोशाला उभा असलेला गॅरडोस मोकळेपणी आपले काम करी. भाच्याने हे मला सांगितले ते मात्र खारीच्या कौतुकासाठी नव्हे. "मामा, इरप्शन पुढं ती खार काही कामाची नाही," तो म्हणाला. आणि ते बरोबर आहे. एकावर नेमलेला वार ती ओढून घेते. दोघांवर पसरणारी आग ती कशी ओढणार? तिला अडवायचे तर 'वाइड गार्ड' नावाची रुंद ढाल लागते.

असा हा मुलगा आगीच्या बाजूचा. तो एका वहीत प्रत्येक झुंजीचा जमाखर्च ठेवी: कुणी किती घाव घातले, कुणी किती गडी पाडले. कासवाचे रकाने भरलेले असत. लिलिगंटच्या रकान्यात शून्यामागून शून्य. "मामा, ही काहीच करत नाही," असे म्हणून एके दिवशी त्याने तिला काढले आणि तिच्या जागी चारिझार्ड आणला. दोन्हीकडे आग! आठवडाभर घरात जय्यत तयारीचे वातावरण होते. मग समोरच्यांनी एक पाऊस पाडला आणि दोन्ही चुली एकदम विझल्या. पुढच्या झुंजीत एक दगडांचा वर्षाव झाला. तो दोघांनाही लागला, कासवाला दुप्पट आणि पंखवाल्या चारिझार्डला चौपट. रविवारी लिलिगंट परत आली. वहीत त्यानंतर घावांचा रकानाच उरला नाही.

गणपतीच्या आधी एका रात्री त्याने यंत्र बाजूला ठेवले आणि मला सांगितले, की तो पॉलिटेक्निक सोडतो आहे. धाकटीला नर्सिंगला जागा मिळाली होती. तिची फी आणि याची फी अशी दोन्ही ओझी अक्काच्या एका शिलाई यंत्रावर चालणार नव्हती. साड्यांना फॉल-पिको करून किती मिळते ते मला ठाऊक आहे. मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात त्याने बोलूनही ठेवले होते. मी काही म्हणण्याच्या आत तो हसला आणि म्हणाला, "आफ्टर यू, मामा."

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने शिक्षणाची महती सांगायला लागावे, तर ती तोंडाला शोभायला हवी. म्हणून मी त्याच्याच खेळातले त्याला विचारले, "लिलिगंट किती फेऱ्या देते?"

"एक."

"आणि पुढच्या फेरीला?"

"पुढच्या फेरीला तिची पाळी तिला असतेच. स्लीप पावडर टाकते, नाहीतर परत आफ्टर यू."

"मग तू किती फेऱ्या देणार आहेस? नर्सिंग काही एका वर्षाचं नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, ती नाजूक असते. पुष्कळदा त्याच फेरीत पडते. मग पुढची पाळी तिलाही येत नाहीच की." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजून नाही. फी भरायला तेव्हा पंधरा दिवस उरले होते. आमच्या मंडळींनी दोघांची पुस्तिका आणि पोस्टातल्या ठेवीचा कागद कपाटातून काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि एक अक्षर न बोलता त्या आत गेल्या. ती बेरीज एकाच फीला पुरत होती.

गौरींना अक्का आली. तिला यातले काही माहीत नव्हते. "तिला सांगायचं नाही," अशी भाच्याने मला शपथ घातली होती. संध्याकाळी तो खेळत होता आणि ती दोऱ्याची गुंडी सोडवत त्याच्या मागे बसली होती. पडद्यावर ऊन पडले.

"ही फुलवाली कोण रे?" तिने विचारले.

"ही कासवाला आपली पाळी देते."

"आणि हिची पाळी?"

"पुढच्या फेरीला."

"मग तोवर तिला सांभाळ की," अक्का म्हणाली, आणि पुन्हा दोऱ्यात गुंतली.

त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. मग लिलिगंटला 'आफ्टर यू' म्हणायला लावण्याऐवजी त्याने तिच्यापुढे 'प्रोटेक्ट'ची ढाल धरली. समोरच्या एकाने तिच्यावर टाकलेला वार ढालीवर आपटून वाया गेला; दुसऱ्याचा कासवाला बसला, आणि सगळ्यांच्या शेवटी त्याची आग निघाली ती निम्म्या जोराची. समोरचा एक पडला, एक उरला. झुंज अजून चालू होती. आतून चहाला हाक आली तेव्हा अक्का उठली, पण तो उठला नाही.