स्टँडवर न येणारा आवाज

सायकल वाजायला लागली म्हणजे कुठला तरी भाग गेला, आणि गेलेला भाग बदलायचा. पंधरा वर्षं मी हेच मानत आलो, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांनाही हेच सांगत आलो. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये कोणाची सायकल कुरकुरायला लागली की माझं उत्तर तयार असायचं, "बीबी गेलीय, बदलून टाक." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचे दोन्ही दांडे ज्या आसावर फिरतात तो भाग. माझ्या शब्दावर निदान चार जणांनी तरी तो बदलला. त्यातले किती खरोखर खराब होते हे मी तेव्हा तपासलं नाही. आज वाटतं, बहुतेक धडधाकट असावेत. म्हणून हे लिहायला बसलो.

हे मत काही हवेतून आलं नव्हतं. मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे बेअरिंग बोलायला लागलं की आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो आणि ऐकतो. आत घरघर असेल तर पुढच्या शटडाउनला बेअरिंग बदललं जातं. त्यावर कोणी चर्चा करत नाही, कारण लाइन बंद पडली तर होणारं नुकसान बेअरिंगच्या किमतीच्या कितीतरी पट असतं. कारखान्यात हे बरोबरच आहे. तीच सवय मी घरी घेऊन आलो आणि सायकलीला लावली, ही चूक.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर माझ्याच सायकलीत आवाज सुरू झाला. बोपदेव घाट चढताना उजवा पाय खाली गेला की 'कर्र'. डावा गेला की काही नाही. परत उजवा, परत 'कर्र'. सपाटीवर अगदी बारीक, चढावर स्पष्ट. मी मिनिटाला साधारण ७० वेळा पायडल फिरवतो, म्हणजे तासाला ४२०० वेळा. ज्याने हे सोसलंय त्याला सांगायला नको. बाहेर शेतं असतात, वारा असतो, आणि आपण मात्र पुढच्या 'कर्र'ची वाट बघत असतो.

आवाज पायांतून येत होता, पायडलच्या लयीत येत होता, आणि कानाला तो अगदी बीबीपाशी ऐकू येत होता. मी एका मिस्त्रीकडे गेलो आणि काय झालंय हे न सांगता काय करायचं ते सांगितलं. बीबी बदला. त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, हाताने पायडल फिरवलं, कान खाली नेला, पुन्हा फिरवलं. "साहेब, आवाज नाहीये." मी म्हणालो, "चढावर येतो. तुम्ही बदला." त्यांनी बदलली.

पुढच्या रविवारी घाटाच्या पहिल्याच वळणावर 'कर्र'. मी तडक परत गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "बसवता येत नसेल तर तसं सांगायचं." ते काही बोलले नाहीत. त्यांनी कप काढले, आटे पुसले, नवं ग्रीस लावून पुन्हा बसवले आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी दुसऱ्या दुकानातून आणखी एक बीबी घातली, जास्त महागाची. आवाज होता तिथेच.

मधे परतीचा पाऊस झाला. त्या दिवशी सायकल चिंब भिजली आणि येताना आवाज पूर्ण गेला. मला वाटलं, नवीन बीबी 'बसली'. दोन दिवस ऊन पडलं आणि आवाज परत आला. रोज यंत्रांमध्ये काम करणाऱ्या माणसाला एवढ्यावरून कळायला हवं होतं. झिजलेलं बेअरिंग पावसाने बरं होत नाही. पाण्याने तात्पुरती बंद होते ती कोरड्या धातूची करकर.

दुसरी खूण तर मला कोणीतरी हातात आणून दिली होती. डिसेंबरात आम्ही २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल फेरी, करत होतो. १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायची असते, स्पर्धा नसते, म्हणून माणसं बोलत जातात. माझ्या मागे एक मुलगी होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. एका चढानंतर ती बाजूला आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही सीटवरून उठून उभे राहिलात की आवाज थांबतो. तीनदा बघितलं मी." मी तिला समजावलं की उभं राहिल्यावर ताणाची दिशा बदलते, त्यामुळे बीबी वेगळी वागते. ती "हो का" म्हणून पुढे गेली. मी जे बोललो ते खोटं होतं. मुद्दाम नाही, पण खोटंच. उभं राहिल्यावर अंगाचं सगळं वजन पायडलवर येतं. दोष बीबीत असता तर उभं राहिल्यावर आवाज वाढायला हवा होता. तिने पुरावा दिला, आणि मी माझं मत वाचवण्यासाठी त्याला खोटं कारण चिकटवलं. मिस्त्रींवर ओरडलो त्याची लाज वाटतेच, पण या उत्तराची जास्त वाटते. ओरडणं रागाच्या भरात झालं, हे मात्र मी शांत डोक्याने केलं.

जानेवारीत एका रविवारी मी घाटात न जाता घरीच थांबलो. सायकल दारात घेतली. बायकोने हँडल घट्ट धरलं, मी सीटवर बसलो, पायडलला पाय न लावता नुसता उजवीकडे-डावीकडे झुकलो. 'कर्र'. पाय अधांतरी आणि तरी 'कर्र'. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तिने एक हात मोकळा केला आणि बोटं एकेका जोडावर ठेवत गेली. बीबीवर काही नाही. सीटची दांडी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे थोडं. सीटच्या खाली, दोन सळ्या ज्या क्लॅम्पमध्ये आवळलेल्या असतात तिथे तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे बघ, इथे थरथरतंय." ती शिवणकाम करते, मशीनचा दोष हाताने ओळखते. मला कानाने इतक्या महिन्यांत जे सापडलं नव्हतं ते तिच्या बोटाला पाच मिनिटांत लागलं.

क्लॅम्प उघडला. सळ्यांवर उजव्या बाजूला एक चकचकीत पट्टा पडला होता, नखाएवढा, जिथे धातू धातूवर घासत होता. क्लॅम्पच्या खोबणीत काळपट पीठ जमलं होतं, बारीक रेती आणि धातूची पूड. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथेच बसतो. मी फडक्याने पुसलं, घासलेल्या जागी आणि बोल्टच्या आट्यांना बोटभर ग्रीस लावलं, आणि बोल्टजवळ जेवढे न्यूटन मीटर छापले होते तेवढंच आवळलं. बोपदेवला गेलो. घाट संपेपर्यंत टायरचा आणि माझ्या श्वासाचा आवाज, बाकी काही नाही.

कान का फसला, हे त्यानंतर बरेच दिवस मी मनात घोळवत होतो. कारण सायकलीच्या रचनेतच आहे. सीटखालून निघणारी नळी सरळ खाली बीबीच्या पेटीत जाऊन संपते. ही पोकळ नळी आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचवते. वर झालेली करकर खाली ऐकू येते. आणि लय पायडलचीच असते, कारण बसून पायडल मारताना दर फेरीला कंबर किंचित डुलते, वजन या सळीवरून त्या सळीवर जातं. मी उजव्या पायाने जास्त जोर लावतो, म्हणून 'कर्र' उजवीकडे. म्हणजे अर्धा आवाज सायकलीचा होता आणि अर्धा माझ्या बसण्याचा. स्टँडवर तो येणं शक्यच नव्हतं. मिस्त्री "आवाज नाहीये" म्हणाले ते शंभर टक्के खरं होतं.

करकर म्हणजे नेमकं काय, तेही मला नव्याने समजलं. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहतात, ताण साचतो, मग एकदम सुटतात, आणि परत चिकटतात. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. तिथे राळ लावतात ती तार नीट चिकटावी म्हणून. सायकलीत आपण ग्रीस लावतो ते चिकटू नये म्हणून. झिजण्याशी याचा संबंध असेलच असं नाही. नव्या कोऱ्या सायकलीतही जोड कोरडा बसवला असेल तर ती करकरते. आणि नुसतं आवळत जाणं हा यावरचा उपाय नाही. मी त्या काही महिन्यांत किती बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले असतील, आठवलं तरी नको वाटतं. कार्बनच्या दांडीला तर ग्रीसही चालत नाही, तिची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते.

मला लहानपणचं ओव्हरऑइलिंग आठवलं. मे महिन्यात वडिलांची सायकल गल्लीतल्या दुकानात जायची आणि दिवसभर उघडी पडलेली असायची. जुन्या ताटलीत रॉकेल, त्यात छर्रे. मागच्या चाकाचे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, बीबीचे अकरा-अकरा. ते काळे आत जायचे आणि चमकत बाहेर यायचे. मिस्त्री एकेक छर्रा बोटांत फिरवून बघायचे, खड्डा पडलेला असेल तो एकच बाजूला ठेवायचे. मग कपात पिवळं ग्रीस, त्यात छर्रे मोजून चिकटवायचे, वर कोन. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. संध्याकाळी तीच सायकल, जवळपास तेच भाग, आणि आवाज नाही. हे सगळं मी उकिडवा बसून पाहिलेलं होतं. नोकरीला लागल्यावर ते मी मागासलेलं समजायला लागलो, याचं आता वाईट वाटतं.

आता मी आधी विचारतो. पायडल थांबवलं तर आवाज थांबतो का? थांबत नसेल तर चाकाकडे बघायचं: आरे, ब्रेक, व्हॉल्व्हची चकती. बसल्यावर येतो की उभं राहिल्यावरही? दोन्हीकडे येत असेल तर सीटवरचा संशय मिटला, मग पायडलचे आटे, बुटाखालची क्लीट, क्रँकचे बोल्ट. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून कोणी ते सोडवताना आणखी आवळून बसतं, तेही बघायचं. आणि मोजायचं. हे मोजणं मला फार आवडायला लागलं आहे. दर फेरीला एकदा येणारा आवाज पायडल-क्रँकच्या घरातला. पण एका मित्राच्या सायकलीत 'टक्' यायचा तो मधेच, कधी उजव्या पायाला कधी डाव्या. आम्ही मोजलं तर तीन फेऱ्या आणि वर थोडं झालं की एकदा. त्याच्या चेनला ११२ कड्या, पुढच्या चक्राला ३४ दाते. ११२ भागिले ३४ केलं तर सव्वातीनहून किंचित जास्त येतं, म्हणजे अख्खी चेन एकदा फिरली की एक 'टक्'. दोष चेनच्या एकाच कडीत होता. चेन हळूहळू उलटी फिरवली, आणि ती अडकलेली कडी मागच्या छोट्या चाकांवरून जाताना उडी मारताना दिसली. बोटांनी आडवी हलवून मोकळी केली. जुना मी असतो तर त्याला बीबी घ्यायला लावली असती.

मत बदललं म्हणजे मी आवाजाकडे दुर्लक्ष करायला लागलो असं नाही. हँडल, हँडलची मान आणि पुढचा फोर्क, इथून आवाज आला की मी सायकल चालवत नाही. तिथे काही तुटलं तर माणूस तोंडावर पडतो, सावरायला वेळ मिळत नाही. मार्चमध्ये ग्रुपमधल्या एकाच्या हँडलजवळ 'टिक' यायची. सगळे म्हणत होते घरी जाऊन बघू. मी त्याला उतरवलं, टेप उलगडायला लावली, आणि खाली केसाएवढी चीर निघाली. तो टेम्पोने घरी गेला. ते हँडल बदललं, आणि बदलायलाच हवं होतं.

त्या मिस्त्रींकडे जायला मला दोन महिने लागले. दुकानात गिऱ्हाइकं असतील अशीच वेळ निवडली, कारण बोललो होतो ते गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, "मिस्त्री, मागे मी तुम्हाला नको ते बोललो. चूक माझी होती. बीबीत काहीच नव्हतं." ते हातातलं चाक फिरवत राहिले. मग विचारलं, "मग आवाज कुठनं येत होता?"

"सीटच्या क्लॅम्पमधून."

त्यांनी चाक थांबवलं. माझी सायकल बाहेर उभी होती, तिच्याकडे गेले, खिशातून पाना काढला आणि मला न विचारता क्लॅम्प सोडला. सळीवरचा तो चकचकीत पट्टा मोबाइलच्या उजेडात बघितला, त्यावर अंगठा फिरवला. सीटपासून खाली बीबीपर्यंत नळीवर बोट सरकवत नेलं. मग आत वळून पोराला म्हणाले, "अरे, ती निळी सायकल तीन आठवडे लटकलीय ना, ती खाली घे. सीट काढून बघू तिचं."