तिसरा हात

माझ्या कादंबरीची नायिका एसटीत कंडक्टर आहे. म्हणून पहिला खर्डा मी एका कंडक्टर बाईंनाच वाचायला दिला. आठ दिवसांनी त्यांनी बाड परत आणलं. मध्ये खूण म्हणून तिकिटाच्या रोलचा तुकडा घातलेला होता. चहा होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग तेच पान उघडून म्हणाल्या, "ताई, बाकी झकास लिवलंय. पण ह्या पोरीनं त्या बाप्याच्या थोबाडीत मारली, ती कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"उजव्या हातात तिकिटाचं मशीन हाय. गाडी घाटात हाय म्हणता, म्हंजे डाव्यानं दांडा धरलेला. खांद्याला कॅशबॅग. मारायला तिसरा हात कुठनं आणला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रसंग माझा लाडका होता. एका कार्यक्रमात मी तो वाचला होता. बसमधल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या हे वाक्य आलं आणि सभागृहातही टाळ्या पडल्या. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं असतं! पण त्या टाळ्या मी माझ्या हातानं वाजवून घेतल्या होत्या, तसाच तो हातही माझाच होता. तिच्या खांद्यातून उगवलेला, पण माझा.

"तुम्ही काय केलं असतंत?" मी विचारलं.

"मी? डबल बेल दिली नसती." एका घंटीला गाडी थांबते, दोन घंट्यांना सुटते. "एक बेल मारायची, गाडी थांबवायची आन् म्हणायचं, उतरा खाली. त्यो उतरंपातूर दोरीला हात लावायचा न्हाई. मागचे पॅसेंजर वराडत्यात. त्याच्यावर न्हवं हां, माझ्यावर. पोरांची शाळा असती, कुणाला कोर्टात जायचं असतंय. टाळ्याबिळ्या कोण वाजवत न्हाई."

त्या गेल्यावर मी खर्डा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि मला माझीच लाज वाटू लागली. नायिका घडवायची म्हणून मी तिच्यावर संकटांची नुसती चळत रचली होती. नवरा अपघातात गेला, दिरानं जमिनीवर हक्क सांगितला, पतपेढीचं कर्ज थकलं, त्यात मुलीला ताप. पानापानाला ती सोसत होती, आणि माझी समजूत अशी की ती वाढते आहे. ती जागची हललीच नव्हती. संकटं माझी, सोसणं तिचं. निर्णय एकही नाही, आणि जो एक होता तो तिसऱ्या हाताचा.

विधवा होणं ही मराठी कादंबरीतल्या नायिकेची जणू पहिली नोकरीच आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली 1857 साली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिचं नाव घेतो, तिचा विषयच विधवांची दैना. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत अशा बायकांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे स्वतःच त्या रांगेत जाऊन बसते. पदमनजींनी तिला धर्मांतर आणि पुनर्विवाह दिला. दिला, हाच शब्द बरोबर. तो निर्णय पदमनजींचा वाटतो, यमुनेचा वाटत नाही. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार? मीही थोबाडीत दिलीच होती.

1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच, घरची यमू. वैधव्य तिलाही चुकलं नाही, केशवपन तर जबरदस्तीनं झालं. तिच्या हातात जवळजवळ काही नाही. मग ती माझ्या नायिकेपेक्षा इतकी मोठी का वाटते, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. उत्तर अगदी डोळ्यांसमोर होतं. हकिकत ती स्वतः सांगते. भावाशी झालेली भांडणं, माहेरचे बारीकसारीक प्रसंग ती इतक्या सावकाश सांगते की घाईचा वाचक कंटाळावा. पण कुठे थांबायचं, कशावर रेंगाळायचं हे तिथे तीच ठरवते. जगण्यात जे तिला ठरवता आलं नाही, ते तिनं सांगण्यात ठरवलं. हरिभाऊंनी तिच्यासाठी याहून मोठं काही करायची गरजच नव्हती.

आणि 'धग'मधली कौतिक. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 ची. मी ती दर दोन-तीन वर्षांनी काढते आणि दर वेळी मध्येच मिटून ठेवते, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असतं. नवरा महादेव खचलेला, त्यात त्याला महारोग. कौतिक मजुरीला जाते, पोरांचं बघते, वऱ्हाडीत भांडते, पुन्हा कामाला लागते. शेळक्यांनी तिला जिंकू दिलेलं नाही. हल्लीच्या मालिकेत हीच बाई तिसऱ्या महिन्यात शिवणयंत्र घेऊन सहाव्या महिन्यात कारखानदार झाली असती. पण कौतिक हरते आणि तरीही पानभर मोठीच राहते, कारण तिचे हात कधी रिकामे नसतात. तिला कुणाला मारायलाही फुरसत नाही.

एवढं कळल्यावर मी दुसरा खर्डा घेतला. दिराला काढून टाकलं. मुलीचा ताप उतरवला. कर्ज ठेवलं, कारण कर्ज असलं की माणूस दर महिन्याला काहीतरी ठरवतो.

अडलं ते प्रेमापाशी. पहिल्या खर्ड्यात ड्रायव्हर होता, भला, विधुर, गाणारा. सगळी सोय केलेली होती. कंडक्टर बाई ते वाचून खूप हसल्या होत्या. "ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी रोज बदलती, ताई. तुमचा ह्यो माणूस सुट्टीच घेत न्हाई काय?" मी त्याचं गाणं बंद केलं आणि त्याला इतर ड्युट्यांवर पाठवून दिलं. आता तो तिला महिन्यातून चार-पाचदा भेटू लागला, तेही बहुतेक मुक्कामाच्या गाडीवर. मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन थांबते आणि पहाटे तिथूनच निघते. रात्र तिथेच काढायची. माझ्या कादंबरीतल्या गावात बाईमाणसाच्या सोयीची जागा कुठेच नाही. ही बसमध्ये पाठ टेकते, तो देवळाच्या पारावर. तो बोलत काही नाही. फक्त गाडी लावताना दोनदा मागेपुढे करतो, म्हणजे देवळाबाहेरच्या दिव्याचा उजेड दारातून बरोबर तिच्या सीटवर पडावा.

हे लिहिलं आणि नायिकेनं मला चकवलं. मला वाटलं होतं की प्रेमानं तिला बळ येईल. ती भित्री झाली. जी बाई कुठलीही ड्युटी मुकाट घ्यायची, ती आता बोर्डावर त्याच्याबरोबर नाव दिसलं की बदली शोधू लागली. डेपोत कुजबुज होईल, मुलीच्या कानावर जाईल, कर्जाला जामीन राहिलेला भाऊ काय म्हणेल. गमावण्यासारखं काही नव्हतं तोवर तिला भीती कसली ती ठाऊक नव्हती.

इथे मला विभावरी शिरूरकरांचा आधार वाटला. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढं काहूर उठलं! ही विभावरी कोण म्हणून शोधाशोध झाली. त्या टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या हे लोकांना कळायला बरीच वर्षं गेली. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींना मन असतं आणि शरीरही असतं, एवढंच तर त्यांनी लिहिलं होतं. त्या काळी ते स्वतःच्या नावानं म्हणण्याची किंमत काय होती हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. ती भीती आणि ते लिहिणं एकाच बाईचं आहे, हे मी स्वतःला बजावत होते, कारण मला सारखा मोह होत होता की नायिकेची भीती काढून टाकावी आणि मग तिला धीट करावं.

आठ महिने ती माझ्याकडे बघत नुसती उभी. मग एका सकाळी, चाळीसेक पानं खोडून झाल्यावर, ती डेपोत ड्युट्या लावणाऱ्या साहेबांसमोर गेली आणि म्हणाली, मुक्कामाची गाडी मला द्या, ह्या महिन्यात सगळे फेरे मलाच. साहेबांनी मान वर केली. तिनं नजर खाली केली नाही. एवढंच. त्या पानावर कुणी काही बोलत नाही, ड्रायव्हर तर हजरसुद्धा नाही.

कविता महाजनांच्या कादंबरीचं नाव आहे 'ब्र'. 2005 ची. ब्र काढणं, तोंडातून अक्षर काढणं, याला आपल्या भाषेत किती छोटा शब्द आहे. त्यातली प्रफुल्ला गावोगावच्या आदिवासी सरपंच बायकांना भेटत, ऐकत फिरते आणि त्यांच्या बोलण्यातून तिचं स्वतःचं बोलणं फुटतं. माझ्या नायिकेचा ब्र म्हणजे ते ड्युटीचं मागणं.

आता घाटातला प्रसंग मी पहिल्या वीस पानांतून काढून शेवटाकडे नेला. तो माणूस खेटून उभा राहतो. ती एक बेल मारते, गाडी थांबते. लोक ओरडतात. तो पंधरा मिनिटांनी, पुटपुटत, उतरतो. मग दोन घंट्या.

हा खर्डा मी पुन्हा त्याच बाईंकडे नेला. स्टँडवर त्यांची गाडी लागायला अवकाश होता. बाकावर बसून त्यांनी ती चार पानं वाचली. हात बरोबर आहेत, म्हणाल्या. मग विचारलं, "पंधरा मिंटं लेट झाली. स्टँडवर कंट्रोलर इचारणार की, उशीर का? काय सांगितलं हिनं?"

मी ते लिहिलंच नव्हतं. "तुम्ही काय सांगितलं असतंत?"

"पंक्चर." त्यांनी बॅग खांद्याला अडकवली. "पण ही पंक्चर म्हणायची न्हाई."

"का?"

"अवो, मुक्कामाची गाडी मागून घिऊन आलीया ना ती."